एका घरात एकच आकडा

आत्याबद्दल आमच्या गल्लीत अशी बोलवा होती, की ती ऑफिसात बसून उपग्रहातून लोकांच्या घरात डोकावते.

ही बोलवा उठवली शिंपीकाकांनी. आत्या त्यांच्याकडे पडद्याचं माप द्यायला गेली होती आणि तेवढ्यात तिला ऑफिसातून फोन आला. शिंपीकाकांच्या तोंडात कायम टाचण्या असतात, त्यामुळे त्यांना बोलता येत नाही, पण ऐकू मात्र दुप्पट येतं. त्यांनी ऐकलं ते असं: "हो, त्या घरात मी स्वतः बघितलंय. रिकामं आहे. शेजारच्या घरात पाणी आहे, तेवढं निळं करा. आणि ते कोपऱ्यातलं घर सरळ उडवून टाका."

आत्या पायरी उतरायच्या आत काकांनी टाचण्या थुंकल्या.

संध्याकाळपर्यंत गल्लीत घरोघरी पडदे ओढले गेले. ज्यांच्याकडे पडदे नव्हते त्यांनी शिवायला टाकले. शिंपीकाकांचा तो महिना फार बरा गेला, आणि बोलवा खोटी आहे हे कळल्यावरही ती खोडून काढायची त्यांनी मुळीच घाई केली नाही. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई तर जिन्यात आत्याची वाट अडवून उभ्या राहिल्या. त्यांचं प्रत्येक वाक्य एकाच रुळावरून निघतं, म्हणून नकला करताना मी पहिली त्यांचीच करते.

"मी काही म्हणत नाही, पण आमच्या गच्चीवर सिगारेटी कोण ओढतं तेवढं बघून सांगाल का?"

"अहो, मला गच्ची दिसत नाही," आत्या म्हणाली.

"मी काही म्हणत नाही, पण मग आमचे हे कुठे जातात ते तरी दिसत असेल?"

"हे तर मुळीच दिसत नाहीत."

"म्हणजे बघितलंत तर!" घरमालकीणबाई म्हणाल्या आणि पदर सावरून तरातरा वर गेल्या.

खरी गोष्ट अशी, की आत्याला एकही माणूस दिसत नाही. आजवर कधी दिसलेला नाही. आणि अख्ख्या गल्लीत तिच्याइतकी माणूस दिसायची आस कुणालाच नसेल.

आत्या नकाशांच्या ऑफिसात आहे. दुसऱ्या मजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला तिची खोली. खिडकी सदा बंद, कारण उजेड आला की पडद्यावरचे करडे रंग एकमेकांत मिसळतात. उपग्रहाने काढलेलं चित्र तिच्याकडे येतं तेव्हा ते चित्र नसतंच मुळी, आकड्यांचा ढीग असतो. सगळी जमीन पटावर आखल्यासारखी चौकोनाचौकोनांत वाटून टाकलेली. त्या एकेका चौकोनाला तिच्या ऑफिसात 'घर' म्हणतात, सोंगट्यांच्या पटावर म्हणतात तसंच. एका घरात एकच आकडा. आकडा मोठा असला तर घर उजळ, लहान असला तर काळपट. चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्याचा पत्ता ठाऊक असला आणि एक घर जमिनीवर केवढं हे ठाऊक असलं, की ओळी आणि रकाने मोजत कुठल्याही घरी जाऊन पोचता येतं. दार वाजवावं लागत नाही.

"पण घर केवढं असतं ते ह्या लोकांना सांग ना," तिचे भाऊ, म्हणजे आमचे बाबा, जेवताना म्हणाले. आत्या त्यांना दादा म्हणते, तिचं ऐकून आम्हीही दादाच म्हणतो, आणि ते तिला अजून बेबी म्हणतात. बेबीला बावन्नावं चालू आहे.

"जुन्या चित्रांत तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद. आपली चाळ, शिंपीकाकांचं दुकान, समोरचा नळ आणि घरमालकीणबाईंचे हे, सगळे मिळून एक घर. सगळ्यांचा मिळून एक आकडा."

"म्हणजे सरासरी?"

"असं समज, दहा माणसं खोलीत एकदम बोलतायत आणि तू दाराबाहेर उभा आहेस. तुला गलका ऐकू येतो. कुणी एक जण जोरात ओरडत असला तर गलका वाढतो, पण नक्की कोण ओरडतंय ते नाही कळत."

"आणि जवळ जाऊन बघितलं तर? मोठं करून?"

"मोठं केलं की घर मोठं होतं, दादा. आतलं माणूस नाही होत."

हे ती हसत म्हणाली खरी, पण ताटातला घास तिने बराच वेळ तसाच फिरवत ठेवला.

आत्याचं दुखणं सगळ्या घराला माहीत होतं, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नसे. तिला तिच्या आईचा चेहरा आठवत नाही.

आजी इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होती. इस्पितळाच्या मागे एक उतार होता. रोज सकाळी शेकडो चादरी त्या उतारावर वाळत पडायच्या, शेजारी शेजारी, गवत दिसू नये इतक्या. शाळेत जायच्या आधी आत्याचं आणि दादांचं काम एकच: चादरीच्या कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. आजी ओली चादर अशी झटकायची की तिचा फटकारा शाळेच्या प्रार्थनेत ऐकू यायचा, आणि आत्याला वाटायचं, आई हाक मारतेय. आत्या सतरा वर्षांची असताना आजी तापाने गेली. पुढे इस्पितळात यंत्रं आली, उतार खणून तिथे गाड्या लावायची जागा झाली.

आणि फोटो? फोटो एक आहे. इस्पितळाच्या सगळ्या नोकरांचा, पायऱ्यांवर बसून काढलेला. त्यात आजी मोठ्या नर्सबाईंच्या मागे गेलीय. दिसतं ते फक्त कोपर. ओल्या कामाने सुरकुतलेलं, खात्रीने आजीचंच. आमच्याकडे आजीचं कोपर आहे. दादा त्याच्यावर विनोद करतात: "आमच्या आईचा स्वभाव तसाच होता, कोपरखळी मारायची आणि मागे राहायची." आत्या हसते. पण तिने एकदा सांगितलं होतं, की हल्ली चेहरा आठवायला गेलं की डोळ्यांपुढे कोपरच येतं. मानेवर ठेवलेला गार हात आठवतो, साबणाचा वास आठवतो. तोंड येत नाही.

या वर्षी ऑफिसात हुकूम निघाला, की जुनी सगळी उपग्रहचित्रं एकत्र जोडून वर्षाला एक असा स्वच्छ नकाशा करायचा, आणि मग मूळ कच्ची चित्रं पुसून टाकायची. जागा पुरत नव्हती. स्वच्छ करण्याचं काम अर्थातच आत्याकडे. ऑफिसात तिचं नावच 'ढगवाल्या बाई'. चित्रावर ढग आला तर खालची जमीन दिसत नाही, म्हणून ढगाची घरं शोधून त्यांतला आकडा काढून टाकायचा आणि तिथे 'माहिती नाही' अशी खूण करायची. उन्हाळ्यापावसाळ्याचे हजारो ढग तिने असे उडवले होते.

ही खूण म्हणजे शून्य नव्हे, यावर आत्या अगदी हट्टाने बोलते. "शून्य म्हणजे आम्ही बघितलं आणि अंधार होता. माहिती नाही म्हणजे बघितलंच नाही. दोन्हींची गल्लत केली तर सगळ्या बेरजा चुकतात."

तर एका दुपारी ती आपल्याच शहराची जुनी चित्रं लावून बसली होती. तिच्या आईच्या शेवटच्या वर्षाची. चित्रं आधीच स्वच्छ केलेली होती. तिनेच, नोकरीच्या पहिल्या वर्षी. तिने ओळी आणि रकाने मोजले आणि इस्पितळाच्या मागच्या उतारावर आली. सगळ्यांच्या आधी तिथेच जायचं, ही तिची कित्येक वर्षांची खोड. आणि दर वेळी पहिल्याच चित्रात तिथे सापडायची ती तीच खूण, मग ती पुढची चित्रं बघायचीच नाही. माहिती नाही.

"काय नशीब बघा," ती शेजारच्या टेबलाला म्हणाली, "नेमका आमच्या उतारावरच ढग."

मग तिने पुढच्या तारखेचं चित्र लावलं. तिथेही भोक. त्याच्या पुढच्याचं लावलं. भोक. आजूबाजूला लख्ख ऊन, तळं दिसतंय, रस्ता दिसतोय, आणि एवढ्या मोठ्या आभाळात ढग म्हणून एकच, बोटाच्या नखाएवढा, येऊन बसलाय इस्पितळाच्या मागे.

"इतका हट्टी ढग?" आत्या पुटपुटली.

आणि तो ढग कुठून आला ते तिला एकदम कळलं.

कारण ढग ओळखायचा नियम तिने स्वतःच घातला होता. तेव्हा ती नवी होती, चित्रं ढिगाने यायची, एकेक ढग डोळ्यांनी बघायला सवड कुणाला होती? तिने यंत्राला सांगून टाकलं होतं: दोनशेच्या वरचा आकडा दिसला की ढग समजायचं आणि उडवायचं. यंत्र आज्ञाधारक. पांढरं दिसलं, उडवलं. इस्पितळाच्या शेकडो चादरी उन्हात पसरल्या होत्या, त्याही उडवल्या. आपल्याच आईला आपल्याच हाताने आभाळात लोटून दिलं, असं तिला वाटलं. शेजारच्या टेबलाने विचारलं, "बाई, पाणी देऊ का?"

ती तशीच उठून साहेबांकडे गेली. साहेब माणूस भला. फक्त पेनाचं टोपण उघडमीट केल्याशिवाय त्यांना विचार करता येत नाही.

"साहेब, कच्ची चित्रं अजून आहेत ना?"

टक्. "आहेत. म्हणजे बघा, सोमवारपर्यंत आहेत." टक्. "का हो?"

"मला माझ्या आईच्या वर्षाची हवी आहेत."

साहेबांचं टोपण मध्येच थांबलं. आत्याने सगळं सांगितलं, चादरींपासून कोपरापर्यंत. साहेबांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

"न्या," ते म्हणाले. "घरी न्या, डोळे भरून बघा. पण बाई, म्हणजे बघा, एक घर पांढरं दिसेल. त्यात आई कुठे दिसणार?"

"मला ठाऊक आहे, साहेब. निदान ढग नाही एवढं तरी दिसू दे."

रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून त्यावर तिने ऑफिसातला लॅपटॉप मांडला. दादा चष्मा लावून शेजारी बसले. मीही खुर्ची ओढली. कच्चं चित्र उघडलं आणि आत्या मनातल्या मनात ओळी मोजत खाली उतरू लागली. तळं. रस्ता. इस्पितळाचं छप्पर, करडं. आणि त्याच्या मागे दोन घरं. एक लख्ख पांढरं, दुसरं मळकं, कारण त्यात अर्ध्या चादरी आणि अर्धा रस्ता आला असणार. लख्ख घरावर तिने बाण नेला. आकडा आला: दोनशे तेरा.

"सावली बघ," आत्या पडद्यावर बोट टेकवून म्हणाली. "ढग असला तर बाजूला त्याची सावली पडते. हा बघ, तळ्यावरचा ढग. आणि ही बघ त्याची सावली, काळी. आता उतारावर बघ. आहे सावली?"

सावली नव्हती. जे काही पांढरं होतं ते जमिनीला चिकटून होतं. आत्याने तोंडावर हात धरला.

आणि नेमकं तेव्हाच दादांनी तोंड उघडलं.

"बेबी," ते हळूच म्हणाले, "तिथे पत्र्याची शेड होती ना गं?"

"कसली शेड?"

"धुलाईखात्याची. साबण ठेवायची. नवा कोरा पत्रा होता, डोळे दिपायचे. आपण तिच्या सावलीत डबा खायचो."

"ती शेड नंतर आली. आई गेल्यावर."

"आधी होती."

"नंतर, दादा!"

"बेबी, मी मोठा आहे. मला जास्त आठवतं."

"तू डब्यासाठी तिथे यायचास, म्हणून तुला डबाच आठवतो!"

दादांना आपण बोलून गेल्याचं वाईट वाटलं होतं, पण बोललेलं परत गिळता येत नव्हतं. पत्राही पांढरा दिसतो. पत्र्यालाही ढगासारखी लांब पडलेली सावली नसते. आत्या त्या चौकोनाकडे बघत राहिली, आणि इतक्या वर्षांनी गवसलेली आई तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा पत्रा होऊ लागली. तिने एकदा ते घर मोठं केलं. पडदाभर पांढरं झालं. बस.

मला दादांचं पटलं होतं. शेड नंतरची असं आत्या जरा जास्तच जोरात म्हणाली होती, आणि माणूस जोरात बोलतो तेव्हा त्याला स्वतःलाच खात्री नसते, हे माझ्या कानांना कळतं.

"पत्राच आहे," मी म्हणाले.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मग तिचे डोळे बारीक झाले, ऑफिसात होत असतील तसे.

"पत्रा रविवारी कुठे जातो गं?" तिने विचारलं.

"कुठे जाणार? तिथेच असतो."

"आणि चादरी?"

दादांनी चष्मा काढला. "धुलाईखातं रविवारी बंद," ते म्हणाले. "रविवारी आई घरी."

उपग्रह त्याच जागेवरून पुन्हा जातो तो सोळा दिवसांनी, म्हणजे दर फेरीला वार दोनाने पुढे सरकतो. कधी ना कधी रविवार येतोच. आत्या त्या वर्षाच्या तारखा बोटावर मोजू लागली. पहिला रविवार ढगांनी भरलेला निघाला. दुसऱ्याचं चित्रच आलं नव्हतं. तिसरा होता, आभाळ स्वच्छ, शाळा चालू असतानाचा, आजी जायच्या दोन महिने आधीचा. त्याच्यानंतर त्या वर्षात दुसरा नव्हता.

"लाव पैज," आत्या मला म्हणाली. "उघडलं आणि घर पांढरंच निघालं, तर पत्रा. मग सोमवारी सगळं परत करीन आणि पुन्हा कधी त्या उतारावर जाणार नाही. कबूल."

"बेबी, एवढं नको," दादा म्हणाले.

"आणि काळपट निघालं तर?" मी विचारलं.

"तर बाहेरच्या खोलीत तुझं बक्षिसाचं प्रमाणपत्र लावलंय ती जागा माझी. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिथे काय आहे ते तू सांगायचंस. तुझ्या आवाजात. शिंपीकाकांच्या नाही, घरमालकीणबाईंच्या नाही, माझ्या तर नाहीच नाही."

मी टाळी दिली. नकलेच्या स्पर्धेतलं ते प्रमाणपत्र जाईल असं मला वाटलंच नव्हतं.

चित्र उघडायला यंत्राने एवढा वेळ लावला, की दादा उठून पाणी पिऊन आले आणि तरी ते उघडलं नव्हतं. मग वरून एकेक ओळ उतरू लागली. तळं आलं. रस्ता आला. इस्पितळाचं छप्पर आलं, तेच, करडं. आत्याने डोळे मिटून घेतले होते. तिने दादांची बाही धरली होती, शाळेत जाताना धरत असेल तशी.

"तू सांग," ती म्हणाली.

उतार काळपट होता. आजूबाजूच्या गवतासारखाच, अगदी तसाच. बाण नेला तर आकडा आला अठ्ठ्याऐंशी. पत्रा नाही, काही नाही. साधं गवत होतं, आणि त्या दिवशी आजी घरी होती.

"गवत," मी म्हणाले.

दादा उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "मग डबा कुठे खायचो आपण?" आणि आत्या रडता रडता इतकी हसली, की माझी आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

सोमवारी सगळं परत करायच्या आधी आत्याने छापखान्यातून ते छापून आणलं. दादा म्हणत होते, सगळं इस्पितळ येऊ दे, तळं येऊ दे, म्हणजे बघणाऱ्याला समजेल. आत्याने ऐकलं नाही. दोनशे तेराचं एकच घर, हातभर मोठं केलेलं, लाकडी चौकटीत, काचेखाली. सगळीकडून सारखं, किंचित करड्याकडे झुकणारं पांढरं.

आता बाहेरच्या खोलीत जो येतो तो आधी तिकडेच बघतो. परवा घरमालकीणबाई आल्या होत्या. चौकटीपुढे उभ्या राहिल्या, मान इकडे कलती केली, तिकडे केली.

"मी काही म्हणत नाही, पण ह्यात फोटो घालायचा राहिलाय वाटतं?"

माझी जीभ नुसती वळवळत होती. त्यांचंच वाक्य त्यांच्याच रुळावरून परत पाठवावं इतकं सोपं होतं ते. पण आत्या दारात उभी होती, आणि पैज मी हरले होते.

"राहिला नाही," मी माझ्या आवाजात म्हणाले. "ही आमची आजी आहे. कामावर असतानाची."